पाच वाजताची भूक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

खाण्यावर लक्ष ठेवायचं ठरवलेल्या माणसाला दिवसातली सगळ्यात अवघड वेळ कोणती, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच येतं. संध्याकाळी पाच ते आठ. सकाळी निश्चय ताजा असतो. दुपारी डबा घरचा, मोजून दोन पोळ्या आणि भाजी. पण पाच वाजतात, चहाचं आधण ठेवलं जातं आणि हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे वळतो. ऑफिसात असाल तर कोणीतरी समोसे मागवतं. रस्त्यावर असाल तर कोपऱ्यावरच्या गाडीवर भज्यांचा घाणा नुकताच पडलेला असतो. मग रात्री पानावर बसल्यावर मन खात राहतं, की आजही जमलं नाही. असं चार-आठ दिवस झालं की आहार सांभाळण्याचा सगळा बेतच गुंडाळला जातो.

आहारसल्ल्याच्या कामात ही तक्रार मी रोज ऐकते. "मॅडम, दिवसभर सगळं पाळते हो, पण संध्याकाळी जिभेवर ताबाच राहत नाही." हे सांगताना बायका ओशाळतात, पुरुषही ओशाळतात. मी त्यांना विचारते, "आज सकाळी काय खाल्लं होतं? आणि काल रात्री किती वाजता झोपलात?" त्यांना वाटतं, मी विषय बदलला. पण विषय तोच असतो. संध्याकाळच्या खा-खाचा दोष आपण जिभेला देतो. तिची तयारी मात्र आदल्या रात्रीपासून चाललेली असते. ती तयारी कशी होते आणि ती आपल्या बाजूने कशी वळवायची, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी शरीराचं पाहू. आपल्या जठरातून घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडलं जातं. मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ते शोधून काढलं. जेवणाची वेळ जवळ आली की ते वाढतं आणि पोटात अन्न गेलं की उतरतं. गंमत अशी, की ते आपल्या सवयीच्या वेळा ओळखतं. शाळेची घंटा व्हायच्या आधीच मुलं दप्तर आवरायला लागतात ना, तसंच. रोज पाचला काहीतरी खाणाऱ्या माणसाचं पोट पावणेपाचलाच हाका मारू लागतं.

दुसरं कारण आपल्या शरीरातल्या घड्याळाचं. अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी माणसांना तेरा दिवस प्रयोगशाळेत ठेवलं होतं. त्यांच्या झोपण्याच्या आणि जेवण्याच्या वेळा चोवीस तासांत सगळीकडे सारख्या फिरवल्या, म्हणजे सवयीचा परिणाम बाजूला पडावा. तरीही दिसलं असं, की भूक सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त होती. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची इच्छाही तशीच संध्याकाळी चढत गेली. तेव्हा "मला सकाळी भूकच नसते आणि संध्याकाळी मात्र काय वाटेल ते खावंसं वाटतं" असं म्हणणारा माणूस आळशीही नाही आणि हावराही नाही. शरीराचा उतारच त्या बाजूला आहे. उतारावर गाडी सोडून दिली तर ती घरंगळणारच. ब्रेक आधी लावायला हवा.

आता या उतारात आपण आपल्या हातांनी काय भर घालतो ते बघा. बदलापूरहून किंवा विरारहून सकाळी सातची गाडी पकडणारा माणूस घ्या. निघताना चहा आणि दोन बिस्किटं. एक वाजता डबा. संध्याकाळी परतीच्या गाडीतली गर्दी, घरी पोचायला आठ, हातपाय धुऊन, मुलांचा अभ्यास बघून पानावर बसायला साडेनऊ. दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांत साडेआठ तास गेले! या साडेआठ तासांत भूक लागली तर तिला जिभेचे चोचले म्हणायचं कारण नाही. ती खरी, प्रामाणिक भूक आहे. म्हणून माझा पहिला सल्ला लोकांना उलटा वाटतो. संध्याकाळी खायचंच नाही, असा निश्चय करू नका. तो सहा वाजता मोडतो, आणि मोडतो तेव्हा समोर जे असेल त्यावर मोडतो. त्यापेक्षा मधल्या वेळचं खाणं ठरवून ठेवा, आणि भूक अनावर व्हायच्या आधी, चार-साडेचारलाच खा.

घरी असणाऱ्या बायकांचं गणित वेगळं, पण उत्तर तेच. सगळ्यांचे डबे, शाळा, धुणं उरकून अकराला पहिला घास. मग दुपारी तीनला उरलंसुरलं जेवण, तेही उभ्या उभ्या. पाचला मुलं येतात, त्यांच्यासाठी काही तळलं की चव बघायच्या निमित्ताने चार तुकडे, आणि मुलांनी टाकलेलं वाया जाऊ नये म्हणून आणखी दोन. संध्याकाळी सातला विचारलं तर त्या म्हणतात, "मी आज काहीच खाल्लं नाही." त्यांच्या दृष्टीने ते खरंच असतं, कारण ताट वाढून घेऊन त्या बसलेल्याच नसतात. अशा घरात बाईचं स्वतःचं ताट वेळेवर वाढलं जाणं हाच सगळ्यात मोठा पथ्याचा भाग आहे.

आता डब्याकडे वळू. दोन पोळ्या, बटाट्याची किंवा कोबीची भाजी आणि थोडा भात, हा आपला नेहमीचा डबा. पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. एका पोळीत जेमतेम तीन ग्रॅम मिळतात. म्हणून डब्यात उसळ, घट्ट वरण, पिठलं, दही किंवा अंडं यांतलं काहीतरी हवंच. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात न्याहारी चुकवणाऱ्या वीस तरुण मुलींवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सकाळी भरपूर प्रथिनं असलेली न्याहारी दिली त्या दिवसांत त्यांचं संध्याकाळचं तेलकट-तुपकट अरबट-चरबट खाणं कमी झालं. अभ्यास लहान आहे, त्यावरून कायदे करायला नकोत. पण संध्याकाळी ज्यांना आवरत नाही त्यांनी पंधरा दिवस हे करून पाहावं. पोह्यांत मूठभर मोड आलेली मटकी किंवा मटार आणि सोबत वाटीभर दही, किंवा मुगाचं धिरडं, किंवा दोन अंडी. खर्च फारसा नाही आणि फरक आपला आपल्याला कळतो.

उपवासाच्या दिवशी हेच जास्त ठळक दिसतं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वेफर्स, आणि चतुर्थीला चंद्रोदयाची वाट पाहताना जीव कासावीस. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्याच्या जोडीला दाण्याची आमटी, दही, ताक, राजगिऱ्याची भाकरी असली तर तोच उपवास सुसह्य होतो.

तिसरी गोष्ट झोपेची. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली बारा तरुणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आढळलं. इच्छा कशाची वाढली? पुन्हा तेच, गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता स्वतःला दोष द्यायचा, याला काही अर्थ नाही.

एवढं सगळं सांभाळूनही खावंसं वाटणारच. तेव्हा ती भूक आहे की चटक, हे ओळखायची एक सोपी कसोटी मी सांगते. स्वतःला विचारा, आत्ता कोणी पानात भाकरी आणि मुगाची उसळ वाढली तर मी खाईन का? उत्तर "हो" आलं तर ती भूक. सरळ खा. उत्तर "नको, मला बटाटेवडाच हवा" असं आलं तर ती चटक. चटक लागणं हा काही गुन्हा नव्हे, पण तिला लगेच हो म्हणायची गरज नसते. ती लाटेसारखी येते, चढते आणि थोड्या वेळाने ओसरते. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात रोज चॉकलेट खाणाऱ्या नोकरदारांवर प्रयोग झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. कामाला बसण्याआधी ज्यांना पंधरा मिनिटं भरभर चालायला लावलं, त्यांनी समोर ठेवलेलं चॉकलेट इतरांच्या जवळपास निम्मंच खाल्लं. आपल्याकडे पंधरा मिनिटं चालणं म्हणजे काय? एक स्टॉप आधी उतरणं, भाजी आणायला पायी जाणं, इमारतीच्या आवारात चार फेऱ्या. एवढ्याने पुष्कळदा काम भागतं.

आता खायचं काय? याबाबत १९९५ सालचा सिडनी विद्यापीठातला सुझाना होल्ट यांचा अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. त्यांनी ३८ पदार्थ घेतले. प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा माणसांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारलं, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. सगळ्यात वर आला उकडलेला बटाटा, ३२३ गुण. संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७. सगळ्यात खाली क्रोसाँ, ४७ गुण. क्रोसाँ म्हणजे मैदा आणि लोणी यांचे पापुद्रे, थोडक्यात आपल्या खारीचा परदेशातला चुलतभाऊ. तेवढ्याच कॅलरी, पण पोटाला पत्ताच नाही! चहात बुडवून पाच-सहा खाऱ्या सहज कशा संपतात, याचं उत्तर इथे आहे.

आणि त्या बटाट्याची दैना बघा. उकडला तर यादीत पहिला. पण त्याचेच काप करून तळले की तेल पिऊन बसतो आणि आपण मोजायचं विसरतो. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी, चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४५. मात्र मधुमेह असणाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्यावर ताव मारू नये. पोट भरणं आणि रक्तातली साखर न वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या फडताळात यापेक्षा चांगले पदार्थ पूर्वीपासून आहेत. मूठभर फुटाणे, म्हणजे ३० ग्रॅम, साधारण ११० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्यासोबत पेलाभर पातळ ताक. मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची कांदा-टोमॅटो-लिंबू घातलेली कच्ची-पक्की उसळ. एक पेरू. भाजलेलं मक्याचं कणीस. ज्वारीच्या लाह्या. भरपूर काकडी-कांदा आणि फुटाणे घातलेली चुरमुऱ्यांची भेळ, शेव वरून फक्त चिमूटभर. शेंगदाणे चांगले, पण ते मोजून खावेत. मूठभर दाण्यांत १७० कॅलरी असतात आणि होल्ट यांच्या यादीत दाण्यांना ८४च गुण आहेत, म्हणजे पोट भरल्याचं ते उशिरा सांगतात. त्यापेक्षा शेंगा सालासकट उकडून घ्याव्यात. सोलत सोलत खाताना हात आपोआप सावकाश चालतो. याच्या समोर ५० ग्रॅम फरसाण ठेवा. अडीचशेच्या पुढे कॅलरी, आणि तासाभरात पुन्हा पोट रिकामं.

चहाही विसरू नका. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोजचे आठ चमचे, ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सुमारे सहा चमचे ठेवायला सांगितलं आहे. आपण तर नुसत्या चहातच ती ओलांडतो. साखर एकदम तोडू नका. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जिभेला कळतही नाही.

मग वडापाव कायमचा बंद का? मुळीच नाही. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असं सांगितलं जातं. गिरणीतल्या पाळीवरून बाहेर पडणाऱ्या कामगाराला उभ्या उभ्या, स्वस्तात पोट भरेल असं ते खाणं होतं. आठ तास साच्यावर उभं राहिलेल्या शरीराला ते शोभत होतं. गिरण्या गेल्या, आपण खुर्चीवर बसलो आणि वडापाव मात्र तसाच राहिला. साधारण ३०० कॅलरींचा तो वडापाव शनिवारी, ठरवून, मित्रांबरोबर, चवीने खा. रोज पाच वाजता नाइलाज म्हणून खाऊ नका. २०२५च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत पदार्थांतल्या तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावायला सुचवलं, तेव्हा समोसा-जिलबीवर इशारे छापणार अशी आवई उठली आणि मंत्रालयाला खुलासा करावा लागला. मला त्या फलकांचं तत्त्व पटतं. माणसाला आकडा दिसला की तो अर्धा समोसा बाजूला ठेवतो.

घरातही थोडी मांडामांड करा. फरसाणाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर ठेवा आणि तिथे फळांची टोपली आणा. पिशवीतून किंवा डब्यातून थेट खाऊ नका. वाटीत काढा, डबा बंद करा, मग बसा. टीव्ही किंवा मोबाइल बघत खाल्लं की जास्त खाल्लं जातं, हे अनेक प्रयोगांतून दिसलं आहे. आणि हे एकट्याने करू नका. घरात बाकीच्यांसाठी भजी आणि एकासाठी फुटाणे, असं फार दिवस चालत नाही. सगळ्या घराचं मधल्या वेळचं खाणं बदललं तरच ते टिकतं, आणि मुलांनाही चांगली सवय लागते.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे फिरता येतं, आणि त्यासाठी रोजच्या खाण्याकडेच आधी बघावं लागतं.

ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांच्यासाठी मात्र एक वेगळी सूचना. संध्याकाळी हातपाय थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, डोकं सुन्न होणं, ही चटक नव्हे. ती रक्तातली साखर फार उतरल्याची खूण असू शकते. जमलं तर लगेच तपासा. त्या वेळी निग्रह करू नका आणि फुटाणेही चघळत बसू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, साखर अजून कमीच असेल तर तेवढंच परत घ्या आणि बरं वाटल्यावर काहीतरी पोटभरीचं खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखान्यात न्या. असं वारंवार होत असेल तर औषधाची मात्रा आणि खाण्याच्या वेळा डॉक्टरांकडून जुळवून घ्या. आपल्या मनाने मधल्या वेळचं खाणं बंद करू नका.

आज ऐकलेलं सगळं एकदम करायला जाऊ नका. उद्या सकाळी डबा भरताना त्यात एक छोटी डबी वाढवा. फुटाणे असोत, उसळ असो, पेरूच्या फोडी असोत. साडेचार वाजता ती उघडा. आठवडाभर एवढं एकच करा, आणि आठव्या दिवशी साडेपाच वाजता कोपऱ्यावरच्या त्या गाडीजवळून जाताना पाय पूर्वीइतके अडखळतात का, तेवढं बघा.